पोकरवाल्याची वही

लखनौच्या हजरतगंजात संध्याकाळी उगाच भटकायला निघण्याला तिथली मंडळी ‘गंजिंग’ म्हणतात. दोन वर्षांपूर्वी त्या गर्दीत एखाद्या पोकरपटूच्या जाहिरातीचे चित्रीकरण चालले असते, तर सही घ्यायला पोरांची रांग लागली असती. पोकर म्हणजे आपल्या तीनपत्तीचा विलायती भाऊबंदच! काळा चष्मा, समोर चकत्यांचा ढीग, ओठांवर मंद हसू. त्याला खरे विचारायला हवे होते ते एवढेच, ‘गेल्या वर्षी हरलात किती?’

या खेळाडूंचे कौशल्य खोटे नव्हे. 2018 साली लास वेगासच्या जागतिक मालिकेत निकिता लूथरने जोडीदारासह विजेत्याचे कडे पटकावले. हा मान मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. पण प्रवेशासाठी 1,000 डॉलर भरणारे संघ तेथे हजारावर होते आणि बहुतेकांना रिकाम्या हाताने परतावे लागले. धंदेवाईक खेळाडू हे जाणून असतो. लागोपाठ हरता येईल एवढी रक्कम तो घरखर्चापासून वेगळी ठेवतो, डावांचा हिशेब वहीत लिहितो. ती वही जाहिरातीत कधी दिसली नाही. डावागणिक आपला वाटा कापून घेणारी कंपनी तर हरतच नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद, 50 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चेहरे फलकांवरून उतरले. चिरंजीवांनी मोबाइलवर उचललेल्या कर्जाचे हप्ते मात्र कित्येक घरांत वडीलच फेडत आहेत.