कुंपणच शेत खातें तेव्हां

रहस्यपटांविषयीं सुशिक्षित कुटुंबांत बहुधा दोन मतें आढळतात. तरुण मुलें त्यांवर लुब्ध असतात, आणि वडीलधारीं माणसें ‘असलीं चित्रें घरांत नकोत’ असें म्हणून मोकळीं होतात. या दुसऱ्या पक्षापुढेंच आम्हांस आज एक चित्रपट ठेवावयाचा आहे. कारण त्यांतील खरा गुन्हा अंधाऱ्या गल्लींत घडत नाहीं, तो दिवाणखान्यांत, सहीच्या कागदावर घडतो.

बिली वाइल्डर यांचा ‘डबल इन्डेम्निटी’ हा अमेरिकन चित्रपट १९४४ सालीं निघाला. पुढें १९४६ मध्यें फ्रेंच टीकाकारांनीं ज्या चित्रांस ‘फिल्म न्वार’, म्हणजे काळे चित्रपट, असें नांव दिलें, त्यांत याची गणना होते. मूळ कादंबरी जेम्स केन यांची. १९२७ सालीं न्यूयॉर्क येथें रूथ स्नायडर या विवाहितेनें प्रियकराच्या साह्यानें पतीचा खून केला. त्या प्रकरणावरून केन यांना ही कथा सुचली. विशिष्ट अपघातांत मरण आल्यास विम्याची दुप्पट रक्कम मिळावी, असें जें कलम असतें, त्यावरून कथेचें नांव पडलें.

नायक वॉल्टर नेफ हा लॉस एंजेलिस येथील एका विमा कंपनीचा वाकबगार विक्रेता. मोटारीच्या विम्याच्या कामासाठीं तो एका घरीं जातो आणि गृहिणी फिलिस हिच्या मोहांत सांपडतो. पण मोह हें निमित्त. आपल्याच कंपनीस फसवितां येईल काय, हा विचार त्याच्या मनांत पूर्वींपासून घोळत असतो. बाईनें फक्त दार उघडलें. मग मोटारीच्या विम्याच्या कागदांत मिसळून तो पतीची सही अपघाती विम्याच्या अर्जावर घेतो. सही खरी, साक्षीला घरचीच मुलगी. पण आपण कशावर सही केली, याची त्या गृहस्थास वार्ताहि नाहीं. पुढें त्याचा खून होतो, आणि तो आगगाडीवरून पडून मेला असा देखावा रचला जातो. ५०,००० डॉलरांचे १,००,००० व्हावे, हा हेतु.

कंपनीचे दावे तपासणारा बार्टन कीज हा आम्हांस या चित्राचा आत्मा वाटतो. त्याच्या ध्यानांत एक बारीक गोष्ट येते. मृताचा पाय मोडला होता, अपघाती विमाहि उतरलेला होता, तरी त्यानें पैसे मागितले नाहींत. कां? विम्याची त्याला माहितीच नसेल, असें कीज बोलूनहि जातो. सत्य हातीं आलेलें असतें. पण ती शंका तो स्वतःच झटकून टाकतो. कारण तो कागद नेफनें स्वतः नेऊन दिला होता ना!

दरोडेखोरास कुलूप फोडावें लागतें. सुशिक्षित गुन्हेगाराच्या हातीं किल्ली आपणच दिलेली असते. दुसऱ्यांचा विश्वास हेंच त्याचें भांडवल. आणि तें एकदां उधळलें कीं प्रेमासाठींहि कांहीं उरत नाहीं. नेफ व फिलिस अखेर एकमेकांवरच पिस्तूल झाडतात.

म्हणून हें चित्र वडिलांनींहि पाहावें. कर्त्या पुरुषानें खुणेच्या जागीं सही करावी आणि कागद कसला हें इतरांनीं विचारूं नये, अशी रीत आमच्यांतील पुष्कळ घरांत अजून आहे. ‘माणूस ओळखीचा आहे’ एवढें पुरेसें वाटतें. ओळख चांगलीच, पण ती वाचनाची जागा घेऊं शकत नाहीं. विम्याचा कागद घरीं आला म्हणजे तो एकानें मोठ्यानें वाचावा व सर्वांनीं ऐकावा. प्रामाणिक विक्रेत्यास त्याचा राग येणार नाहीं.