आधी धुरा पाहा!



आपल्या यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी वखर धरण्यापूर्वी धुरा पाहून घेतो. वखर चुकून शेजाऱ्याच्या वावरात शिरला, तर त्याची पेरणी मोडते. संगणकाच्या डिस्कचेही तसेच आहे.

एका डिस्कचे अनेक भाग पाडता येतात. त्यांना पार्टिशन म्हणतात. डिस्कवर प्रत्यक्ष रेघ नसते. कोणता भाग कोठून सुरू होतो व केवढा आहे, याची नोंद डिस्कच्या आरंभी एका तक्त्यात असते. जुन्या पद्धतीचा तक्ता अवघ्या ६४ बाइटांचा असून त्यात चारच नोंदी मावतात. हा तक्ता पुसला, की माहिती जागेवर असूनही संगणकाला सापडत नाही. जणू सातबाराच हरवला!

समजा, दारव्ह्याच्या एखाद्या शाळेत जुन्या संगणकावर सी-डॅकची ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली बसवायची आहे. त्यासाठी पेनड्राइव्ह तयार करताना चुकून शाळेची डिस्कच निवडली, तर वर्षभराचे गुण आणि प्रयोगांच्या नोंदी गेल्या म्हणून समजा.

म्हणून माझे मत असे, की संगणकाच्या पहिल्या तासांतच शिक्षकांनी डिस्कची यादी वाचायला शिकवावे. लिनक्सच्या आज्ञापटलावर एल-एस-बी-एल-के ही पाच लहान इंग्रजी अक्षरे सलग टंकून एंटर दाबा. पहिली डिस्क बहुधा ‘एसडीए’ आणि तिचे भाग ‘एसडीए१’, ‘एसडीए२’ असे दिसतील. पण ही नावे डिस्क सापडण्याच्या क्रमाने पडतात. उद्या ती बदलूही शकतात. तेव्हा यादी दोनदा मागवा, पेनड्राइव्ह लावण्यापूर्वी आणि लावल्यावर. जी ओळ नव्याने आली, तो तुमचा पेनड्राइव्ह!

त्याचा आकारही ताडून पाहा. १६ जीबीचा पेनड्राइव्ह यादीत १५ च्या आसपास दिसेल. यात फसवणूक नाही. उत्पादक एक गिगा म्हणजे १,००,००,००,००० बाइट मोजतो, तर ही यादी १,०७,३७,४१,८२४ बाइट मोजते.

कोणी म्हणेल, चित्रावर टिचकी मारून काम होते, मग आज्ञा कशाला पाठ करायची? कारण चित्रांच्या खिडकीत सगळे भाग दिसतातच असे नाही. विंडोजच्या खिडकीत लिनक्सचा भाग सहसा दिसत नाही. मग ती जागा रिकामी समजून आपण त्यावर हात फिरवतो.

केवळ यादी मागवल्याने एकही बाइट पुसला जात नाही. तेव्हा शिक्षकांच्या परवानगीने शाळेतल्या संगणकाची यादी वहीत उतरवा. भागांची बेरीज करा. ती डिस्कच्या आकाराशी जुळते का? न जुळल्यास का, याचा वर्गात विचार करा.