दोष जीवाणूंचा नव्हे

बरकतपुऱ्याहून निघून, काचीगुडा मागे टाकून चादरघाटच्या पुलावर आलो, की नाकाला रुमाल लावण्याची आमच्यापैकी अनेकांना सवय आहे. बाहेरगावचा पाहुणा सोबत असला तर तो विचारतो, "हा वास कसला?" आणि आम्ही सहज उत्तर देतो, "मुसीचा." जणू फुलाला जसा सुगंध, तसा या नदीला हा दुर्गंध जन्मतःच लाभलेला आहे! वास्तविक मुसी विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरांत उगम पावते. तेथून ती हा वास घेऊन निघत नाही. तो तिला आपण दिला आहे. कसा दिला, हे जाणून घेणे प्रत्येक विद्यार्थ्याचे कर्तव्य आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सडक्या अंड्यासारखा हा वास मुख्यतः हायड्रोजन सल्फाइड या वायूचा असतो. त्यातील मूळ द्रव्य गंधक. गंधक म्हटले की आपल्याला दिवाळीचे फटाके आठवतात; परंतु तोच गंधक आपल्या केसांत आणि नखांत आहे, शरीरातील प्रथिनांत आहे. कांदा चिरताना आईच्या डोळ्यांत पाणी आणणारे द्रव्य गंधकयुक्तच, आणि देवघरातील चांदीचे निरांजन काळवंडते तेही हवेतील गंधकयुक्त वायूंमुळेच. सारांश, गंधकावाचून जीवन नाही.

हा गंधक एका जागी थांबत नाही. जमिनीतील सल्फेटच्या रूपाने तो वनस्पतींच्या मुळांतून वर चढतो, त्यांच्या प्रथिनांत सामावतो आणि अन्नातून आपल्याकडे येतो. प्राणी व वनस्पती मृत झाल्या की सूक्ष्म जीवाणू त्यांचे विघटन करतात आणि गंधक पुन्हा मोकळा होतो. १८८७ साली रशियन शास्त्रज्ञ विनोग्राद्स्की यांनी दाखवून दिले की, काही जीवाणू हायड्रोजन सल्फाइडचे ज्वलन करून त्यावरच आपला निर्वाह करतात. अखेरीस त्याचे पुन्हा सल्फेट होते. पुढे १८९५ साली हॉलंडच्या बायरिंक यांना याच्या उलट व्यवहार करणारे जीवाणू आढळले. जेथे प्राणवायू पोहोचत नाही, तेथे हे जीव प्राणवायूऐवजी सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड बाहेर टाकतात. एकाने सोडावे, दुसऱ्याने उचलावे, असा हा व्यवहार कोट्यवधी वर्षे चालू आहे.

समुद्रही यात मागे नाही. सागरातील सूक्ष्म वनस्पतींपासून डायमिथिल सल्फाइड नावाचा वायू निर्माण होतो. कोकणच्या किनाऱ्यावर उतरताच जो समुद्राचा वास ओळखीचा वाटतो, त्यात त्याचाही वाटा असतो. हा वायू हवेत शिरतो, त्याचे सल्फेटचे कण होतात आणि पावसाबरोबर काही गंधक भूमीवर परत येतो. सागरजलात हा वायू सर्वत्र असल्याचे लव्हलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली प्रसिद्ध केले. डोळ्यांना न दिसणारे जीव समुद्रातील गंधक शेतापर्यंत पोहोचवतात, हे ऐकून कोणाचे मन थक्क होणार नाही?

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर ज्यांनी पाहिले असेल, त्यांना काठच्या चिखलाचा वास आठवत असेल. उल्कापाताने झालेल्या त्या खाऱ्या सरोवराच्या तळाशीही सल्फेटवर जगणारे जीवाणू आहेत. तेथे तो निसर्गाचा सहज व्यवहार आहे. मग मुसीत निराळे काय घडले?

एवढेच की, आपण तिला तिच्या शक्तीबाहेर खायला घातले. घराघरांतील सांडपाणी आणि कारखान्यांचे टाकाऊ द्रव नदीत आले, की त्यांचे विघटन करण्यात पाण्यातील प्राणवायू संपून जातो. तो संपला की सल्फेटवर जगणाऱ्या जीवाणूंचे राज्य सुरू होते. चिखलातील लोहाशी सल्फाइडचा संयोग होऊन तळ काळा पडतो आणि उरलेला वायू आपल्या नाकाशी येतो. जीवाणू आपले काम चोख करीत आहेत; कर्तव्यात चुकलो ते आपण. १९०८ च्या महापुरानंतर सर विश्वेश्वरय्या यांना येथे पाचारण करण्यात आले. पूरनियंत्रणाबरोबरच त्यांनी या शहरासाठी भुयारी गटारांची योजनाही आखली होती. सांडपाण्याची वाट वेगळी असावी, हा विचार या नगरीला नवा नाही. त्याचे पालन मात्र वाढत्या शहराला पुरले नाही.

याहून गंभीर गोष्ट आपल्या पायांखाली आहे. बंद गटारात हाच वायू साचतो. तेथील ओलसर भिंतींवरचे जीवाणू त्यापासून गंधकाम्ल तयार करतात आणि ते सिमेंटलाही खाऊन टाकते. मग आत उतरणाऱ्या माणसाची काय कथा! या वायूचा विशेष असा की, तो थोडा असला तर दुर्गंध येतो; परंतु फार झाला की घ्राणेंद्रियच बधिर होते. जेथे मृत्यू सर्वांत जवळ असतो, तेथे वासाची सूचनाच मिळत नाही. संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हैदराबादसह सहा महानगरांत हाताने गटारसफाई थांबविण्याचा आदेश दिला. यंत्रे आहेत, कायदा आहे. तरीही तुंबलेल्या गटारासाठी "कोणाला तरी उतरवा" असे म्हणणारे आपल्याच गल्लीत, कदाचित आपल्याच घरात आहेत. हे वाक्य यापुढे आपल्या घरातून उच्चारले जाऊ नये.

कोणी म्हणेल, विद्यार्थ्यांच्या हाती काय आहे? शहराचे सांडपाणी शुद्ध करणे आपल्या हाती नाही, हे खरे. पण उरलेले तेल, अन्न आणि प्लॅस्टिक मोरीत न टाकणे आपल्या हाती आहे. अंबरपेठला सांडपाणी शुद्ध करण्याचे केंद्र आहे. तेथे प्राणवायू देऊन जीवाणूंकडूनच घाण पचविण्याचे काम कसे चालते, ते शिक्षकांसमवेत पाहून येणे आपल्या हाती आहे. आणि चांगले जाणते नागरिक होऊन उद्या नगरपालिकेला जाब विचारणे, हेही आपल्याच हाती आहे.

पुलावरून रोज जाणाऱ्याला काही दिवसांनी वास येईनासा होतो. शरीराची ही सवय क्षम्य आहे, मनाची नव्हे. पाहुण्याने पुन्हा "हा वास कसला?" असे विचारले, तर "मुसीचा" असे म्हणू नये, "आमचा" असे म्हणण्याचे धैर्य आपण दाखवावे. तेथूनच सुधारणेला आरंभ होईल.