दिनविशेषाच्या फळ्यावर काय लिहावे?

शाळेच्या व्हरांड्यात एक छोटा फळा असतो. वर सुविचार, खाली दिनविशेष. माझ्या शिक्षकीच्या साऱ्या वर्षांत या फळ्यावर मुलांकडून किती मजकूर लिहून घेतला, त्याची गणती नाही. आता निवृत्तीनंतर हाच दिनविशेष सकाळी मोबाइलवर येतो. माध्यम बदललं, मजकूर तोच : अमुक यांची जयंती, तमुक यांची पुण्यतिथी.

माझं म्हणणं या यादीबद्दल आहे. जन्म कोणत्या तारखेला व्हावा हे कुणाच्याच हातात नसतं. मग मोठ्या माणसाची आठवण त्या तारखेला बांधून आपण मुलांना नेमकं काय शिकवतो?

७ नोव्हेंबर घ्या. १८६७ साली याच तारखेला वॉर्सा इथं मेरी क्युरी जन्मल्या आणि १८८८ साली तिरुचिरापल्लीजवळ सी. व्ही. रामन. दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. योगायोग गमतीचा खरा, पण त्यातून ना किरणोत्सर्ग कळतो, ना प्रकाश. उलट त्याच तारखेला १९१७ साली रशियात झालेली क्रांती 'ऑक्टोबर क्रांती' का म्हणवते, हे एखाद्या मुलानं विचारलं तर तासभर शिकवता येईल. रशियात तेव्हा जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालू होती आणि तिच्यात त्या दिवशी २५ ऑक्टोबर होता!

म्हणूनच मला २८ फेब्रुवारी फार आवडतो. ही रामन यांची जयंती नाही आणि पुण्यतिथीही नाही. १९२८ साली या दिवशी एक काम तडीस गेलं, म्हणून तो राष्ट्रीय विज्ञान दिन. १९८७ पासून आपण तो साजरा करतो. पण कसा? रामन यांच्या फोटोला हार, दोन भाषणं आणि एक प्रश्नमंजूषा. म्हणजे पुन्हा जयंतीच!

त्या दिवसामागचं काम किती सोपं करून सांगता येतं पाहा. १९२१ साली जहाजातून परतताना रामन यांना भूमध्य समुद्राच्या निळ्या रंगानं विचारात पाडलं. पुढे सात वर्षं कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये शोध चालला. सूर्यप्रकाशाच्या वाटेत एक रंगीत काच धरली, तो प्रकाश द्रवातून सोडला आणि बाजूला विखुरलेल्या प्रकाशासमोर दुसरी अशी काच धरली की पहिलीतून आलेला रंग पूर्ण अडावा. म्हणजे पलीकडे अंधारच दिसायला हवा. पण तिथं मंद उजेड दिसला! द्रवाच्या रेणूंनी प्रकाशाच्या अगदी थोड्या भागाचा रंगच बदलला होता. आज हाच परिणाम वापरून एखादी वस्तू न फोडता ती कशाची आहे हे ओळखतात.

आणखी दोन गोष्टी या फळ्यावर कधी येत नाहीत. एक म्हणजे के. एस. कृष्णन यांचं नाव. प्रयोगात ते रामन यांचे सहकारी होते आणि 'नेचर'मधल्या पहिल्या टिपणावर दोघांचीही नावं आहेत. दुसरी म्हणजे मॉस्कोत लँड्सबर्ग आणि मांडेलश्टाम यांना त्याच महिन्यात स्फटिकांमध्ये हाच परिणाम दिसला होता. त्यांचा लेख नंतर प्रसिद्ध झाला. १९३० चं नोबेल एकट्या रामन यांना मिळालं. यानं रामन यांचा मोठेपणा तसूभरही कमी होत नाही. पण विज्ञान एकट्यादुकट्याच्या चमत्कारानं पुढे जात नाही, आणि जे दिसलं ते वेळेवर लिहून जगापुढे ठेवावं लागतं, हे मुलांना याहून चांगल्या उदाहरणानं कसं सांगणार?

कुणी म्हणेल, फळ्यावर जागा किती, मुलांना वेळ किती! मान्य. पण मग दहा जयंत्यांऐवजी एकच नोंद घ्या. पहिल्या ओळीत काय घडलं, दुसरीत ते कसं घडलं आणि तिसरीत मुलांसाठी एक प्रश्न. २८ फेब्रुवारीला नुसतं एवढं विचारा : पेल्यातलं पाणी रंगहीन दिसतं, मग समुद्र निळा का? उत्तर त्याच दिवशी सांगू नका. चार दिवस मुलांना भांडू द्या.

असो. तुमच्या घरात शाळेत जाणारं मूल असेल, तर आजच्या दिनविशेषात काय होतं ते त्याला विचारून पाहा. नाव सांगेलच, त्या माणसानं काय केलं, तेही विचारा.