विमान वर कसं राहतं?

आपल्या पालमला विमानतळ नाही. तरी मी लहान असताना रेडिओच्या बातम्यांत कुणी ना कुणी 'पालम विमानतळावर' उतरायचंच. कधी परदेशचा राजा, कधी कुठला पंतप्रधान. एकदा मी बातमी ऐकून पळत माळावर गेलो आणि अंधार पडेपर्यंत आभाळाकडे बघत बसलो. कोणी आलं नाही. घरी वडील म्हणाले, "अरे वेड्या, ते दिल्लीचं पालम." तिकडे त्या नावाचं जुनं खेडं आहे, त्यावरून विमानतळाला नाव पडलं होतं. 1986 साली त्याला इंदिरा गांधींचं नाव दिलं. आपल्याला आता जवळचा म्हणजे लोह्यावरून पुढे नांदेडचा. 2008 साली गुरू-ता-गद्दीच्या सोहळ्याच्या वेळी तो नव्यानं सजला.

तर आज विमानाची गोष्ट. शेतात विमानाचा आवाज आला की लेकरं हातातलं काम टाकून वर बघतात, आणि मग विचारतात, "बाबा, एवढं जड विमान पडत कसं नाही?" बहुतेक घरांत उत्तर मिळतं, "इंजिन असतं त्याला." इंजिन तर ट्रॅक्टरलाही असतं. तो काही उडत नाही.

पोराला आधी हवा दाखवा. ती दिसत नाही म्हणून पोराला वाटतं की ती नाहीच. खळ्यावर उपणताना दाणा खाली पडतो आणि भुसा लांब जातो, तो हवेच्याच ढकलण्यानं. ही हवा आपल्या अंगावर सतत दाब देत असते, बोटाच्या नखाएवढ्या जागेवर सुमारे एक किलो. एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर सुमारे शंभर क्विंटल! आपण चिरडत नाही, कारण ती सगळीकडून सारखीच दाबते. खालून, वरून, आतून, बाहेरून.

आता मनात असं आणा की एखाद्या फळीवर वरून दाब थोडा कमी झाला आणि खालून तसाच राहिला. काय होईल? फळी वर ढकलली जाईल. विमानाच्या पंखाचं एवढंच काम आहे.

हे तुम्ही पाहिलेलं आहे. वळवाच्या वादळात घरावरचे पत्रे उडतात, तेव्हा वारा काही पत्र्याच्या खाली हात घालून उचलत नाही. छपरावरून जोरात जाणाऱ्या वाऱ्यामुळे वरचा दाब उतरतो, घरातल्या हवेचा तेवढाच राहतो, आणि दार उघडं असेल तर वारा आत शिरून आणखी ढकलतो. पत्रा आतून वर उचलला जातो. (म्हणून वादळात दारं-खिडक्या लावून घ्या. आणि पत्र्यावर नुसते दगड ठेवून भागत नाही. दगड खाली येतो तो माणसाच्या डोक्यावर. पत्रा हुक-बोल्टानं आवळा.)

पंखावरचा दाब का उतरतो, हे चुलीपाशी दाखवता येतं. एक पळी घ्या. दांड्याचं टोक दोन बोटांत सैल धरून ती लोंबू द्या. नळाची बारीक धार सोडा आणि पळीची फुगीर पाठ हळूच धारेला लावा. पोराला वाटेल धार पळीला दूर लोटेल. होतं उलट. पळी धारेकडे ओढली जाते, आणि धार पळीच्या फुगीर पाठीला चिकटून वळते. पंखाची वरची बाजूही अशीच फुगीर असते, आणि पंख पुढून जरा वर उचललेला असतो. हवा त्याला धरून वळते आणि मागे खालच्या दिशेनं फेकली जाते. पंख हवेला खाली लोटतो, हवा पंखाला वर. दोन्ही एकाच वेळी.

इथं मला एक कबुली द्यायची आहे. मी शाळेत बरीच वर्षं हे चुकीचं शिकवलं. मी सांगायचो की पंखाची वरची बाजू फुगीर म्हणून वरची वाट लांब, वरच्या हवेला खालच्या हवेबरोबर मागे पोचायचं असतं, म्हणून ती जोरात पळते. ऐकायला छान वाटतं. फळ्यावर आकृतीही छान निघते. पण दोन्ही हवांनी बरोबरच पोचलं पाहिजे असं कुणी ठरवलंय? प्रत्यक्षात वरची हवा खालचीच्या आधी मागे पोचते. आणि सातवीतल्या एका मुलीनं तेव्हाच विचारलं होतं, "गुरुजी, मग जत्रेतल्या सिनेमात विमान उलटं उडत होतं, ते का नाही पडलं?" मला उत्तर येत नव्हतं. मी तिला म्हणालो, "खाली बस."

तिला उत्तर आता देतो. उलटं झालं तरी पायलट विमानाचं नाक वर धरून पंखाला हवेशी तिरका ठेवतो, म्हणजे हवा खालीच लोटली जाते. फुगीरपणा मदत करतो, पण मुख्य गोष्ट तिरकेपणाची. संक्रांतीचा पतंग तर कागदासारखा सपाट असतो, तोही तिरका धरल्यामुळेच चढतो.

इंजिनाचं काम मग काय? पुढे पळवायचं. वारा पंखावरून जोरात गेला पाहिजे, आणि रोज वादळ कुठून आणणार? म्हणून विमान स्वतःच पळतं. मोठं प्रवासी विमान जमीन सोडतं तेव्हा त्याचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास असतो. आणि शक्यतो ते वाऱ्याकडे तोंड करून धावतं, म्हणजे तेवढा वारा फुकट मिळतो.

आता हिशेब करा, आपल्याला गुंठ्याचा हिशेब कळतो. ए-320 नावाचं विमान पूर्ण भरलं की सुमारे 780 क्विंटल. त्याचे पंख मिळून सुमारे 122 चौरस मीटर, म्हणजे सव्वा गुंठ्याच्या आत-बाहेर. एका चौरस मीटरच्या वाट्याला साडेसहा क्विंटलही येत नाहीत. हवेचा दाब शंभर क्विंटल असतो, हे वर सांगितलंच. वर आणि खाली शंभरात सहा-सातचा फरक पडला की एवढं धूड उचललं जातं.

आणि इंजिन बंद पडलं तर? पोर हे विचारणारच. विमान दगडासारखं पडत नाही. दहा किलोमीटर उंचीवरून ते घसरत घसरत दीडशे किलोमीटर तरी जाऊ शकतं. उन्हाळ्यात नांगरलेल्या काळ्या रानावर घार पंख न हलवता फिरते ना, तशातलाच प्रकार. फरक इतकाच की घारीला तापल्या मातीवरून वर येणारी ऊन हवा पुन्हा उचलून धरते.

सुरुवात मात्र अगदी लहान होती. अमेरिकेत सायकलीचं दुकान चालवणाऱ्या राइट बंधूंचं विमान 17 डिसेंबर 1903 रोजी पहिल्यांदा उडालं, ते 12 सेकंद आणि 120 फूट. आपल्याकडे जे. आर. डी. टाटांनी 15 ऑक्टोबर 1932 रोजी एका इंजिनाच्या लहान विमानातून कराचीहून मुंबईच्या जुहूला टपाल आणलं. जुहूचं मैदान मातीचं. पावसाळ्यात तिथं चिखल व्हायचा, म्हणून विमानं पुण्याला न्यावी लागत. चिखलात रुतलेली बैलगाडी काढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

जाता जाता आभाळातल्या पांढऱ्या रेघेचं. पाऊस ओढ देतो तेव्हा पारावर ऐकू येतं की विमानांनी ढग पळवले. ती रेघ धूर नव्हे. इंधन जळताना वाफ होते, आणि दहा किलोमीटरवर शून्याखाली पन्नास अंशांच्या थंडीत तिचा बर्फ होतो, थंडीत तोंडातून वाफ दिसते तसं. वर हवा कोरडी असली की रेघ लगेच पुसते, दमट असली की पसरत राहते. पावसाच्या ढगांत लाखो टन पाणी असतं, विमान ते कुठं नेणार? उलट 2015 च्या दुष्काळात औरंगाबादहून विमान उडवून ढगांत बारीक कण सोडले होते, पाऊस पडावा म्हणून. त्यासाठीही आधी ढग असावा लागतो.

ती मुलगी मला परवा बाजारात भेटली. तिचा मुलगा आता सातवीत आहे. उलट्या विमानाचं उत्तर मी तिथंच भाजीच्या पिशवीवर हात तिरका धरून दाखवलं. पोरगा लगेच म्हणाला, "मग हेलिकॉप्टर तर जागेवरच उभं राहतं, ते कसं?" त्याचं पुढच्या वेळी.