व्हिसा मिळाला, परवान्याचे काय?

कॅनडाच्या ‘फेडरल स्किल्ड वर्कर’ योजनेत पात्रतेसाठी शिक्षण, भाषा, अनुभव, वय आदींवर १०० पैकी ६७ गुण लागतात. वयाचे पूर्ण १२ गुण पस्तिशीपर्यंतच. पुढे दरवर्षी एक कमी, ४७व्या वर्षी शून्य. २०२३पासून आरोग्यसेवकांसाठी निवडीच्या स्वतंत्र फेऱ्याही होतात. मात्र निवड झाली तरी मिळतो तो राहण्याचा हक्क, रुग्ण तपासण्याचा नव्हे. वैद्यकीय परवाना प्रांतागणिक वेगळी संस्था देते. त्यासाठी परीक्षा आणि अनेकांना पुन्हा रेसिडेन्सी करावी लागते. परदेशी पदवीधरांना तिच्या जागा मोजक्याच. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी त्या प्रांताचे परवान्याचे नियम तपासावेत. अन्यथा डॉक्टर इथल्या रुग्णाला दुरावतो आणि तिथल्या रुग्णापर्यंतही पोहोचत नाही.