कान तुटलेला कप आणि तरंगंबाडीची मंडळी

आमच्या आजोळी मागल्या पडवीत, मोरीवरच्या फळीवर एक कप असायचा. कान तुटलेला, काठाला टवका गेलेला. शेजारी जर्मनचं एक ताट. गोठा झाडायला येणाऱ्या बाईंची ती भांडी. आम्ही मुलं त्यांना मावशी म्हणत असू. आजी त्यांना चहा द्यायची तो घरातल्यासारखाच दुधाचा, पण वरून ओतायची. मावशी चहा पिऊन कप स्वतः विसळून पुन्हा फळीवर ठेवत. माणसाला मावशी म्हणायचं आणि तिचा कप वेगळा ठेवायचा, यात काही विपरीत आहे असं घरात कुणालाच वाटत नव्हतं. मलाही नाही.

तो कप मला इतक्या वर्षांनी आठवला तो कुठे, तर तमिळनाडूत, समुद्रकाठच्या एका चर्चमध्ये!

त्याचं असं झालं. आम्ही तंजावरला गेलो होतो. मराठी माणूस तिथे गेला की बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरलेला भोसल्यांचा मराठी इतिहास पाहतो, सरस्वती महाल ग्रंथालय पाहतो आणि उर भरून परततो. आम्हीही तेच करणार होतो. पण देवळाजवळच्या शिवगंगा तलावापाशी एक जुनं चर्च आहे, तिथे सहज डोकावलो. आत पांढऱ्या संगमरवरातलं एक शिल्प दिसलं. एक वृद्ध पाद्री अंथरुणाला खिळला आहे आणि एक राजा त्याचा हात हातात घेऊन उभा आहे. राजा कोण? आपले दुसरे सरफोजीराजे भोसले! आणि पाद्री? ख्रिस्तियान फ्रीडरिश श्वार्ट्झ नावाचे जर्मन लुथरन मिशनरी.

तुळजाजीराजांनी १७८७ साली मृत्यूपूर्वी सरफोजींना दत्तक घेतलं, तेव्हा सरफोजी जेमतेम दहा वर्षांचे होते. पोराला सांभाळा, असं राजांनी सांगितलं ते या श्वार्ट्झना. गादी चुलत्याकडे गेली, भाऊबंदकी माजली. त्या काळात मुलाचा जीव आणि शिक्षण दोन्ही जपलं ते या परक्या माणसाने. १७९८ साली श्वार्ट्झ वारले आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले. गुरूची स्मृती म्हणून त्यांनी जॉन फ्लॅक्समन या नामवंत इंग्रज शिल्पकाराकडून हे शिल्प करवून घेतलं. समाधीच्या शिळेसाठी इंग्रजी ओळीही स्वतः रचल्या. एवढं असून राजे अखेरपर्यंत हिंदूच राहिले, आणि त्यामुळे दोघांच्या प्रेमात उणेपणा आला नाही. पुढे राजांनी तंजावरात देवनागरी छापखाना काढला आणि १८०६ साली इसापनीतीच्या गोष्टी मराठीतून छापल्या. पुण्या-मुंबईत मराठी पुस्तकं छापली जाऊ लागली ती त्यानंतर!

हे श्वार्ट्झ १७५० साली भारतात प्रथम उतरले ते तरंगंबाडीला. तंजावरपासून शंभरेक किलोमीटर. मग काय, दुसऱ्याच दिवशी आमची गाडी तिकडे निघाली.

तरंगंबाडी म्हणजे लाटा गातात ते गाव. गाव लहानसं. एक वेस, एक सरळ रस्ता, समुद्राला तोंड करून उभा असलेला डॅन्सबोर्ग किल्ला आणि लाटांनी अर्धंअधिक गिळलेलं मासिलामणी नाथर हे पांड्यकालीन शिवमंदिर. १६२० साली डेन्मार्कच्या लोकांनी तंजावरच्या रघुनाथ नायकांकडून ही जागा व्यापारासाठी घेतली. पुढे तंजावर मराठ्यांकडे आलं आणि डॅनिश मंडळी मराठी राज्याच्या काठावर भाडेकरू म्हणून राहू लागली.

९ जुलै १७०६ या दिवशी इथे दोन तरुण जर्मन पाळक उतरले. बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग आणि हाइनरिश प्लुचाव. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने त्यांना धाडलं होतं. भारतात आलेले हे पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी. झीगेनबाल्गचं वय तेव्हा अवघं चोवीस. इथल्या गोऱ्या व्यापाऱ्यांना हे दोघे नकोसे होते. धर्माच्या गडबडीने धंदा बिघडायचा, ही त्यांची भीती. शेवटी गव्हर्नरने झीगेनबाल्गला चार महिने किल्ल्यात कोंडलं. म्हणजे ख्रिस्ती राजाने पाठवलेला पाळक ख्रिस्ती गव्हर्नरच्याच कैदेत!

पण गडी मोठा चिवट. तमिळ शिकायला तो गावठी शाळेतल्या लहान मुलांबरोबर वाळूत अक्षरं गिरवत बसला, असं सांगतात. पुढे त्याने ताडपत्रावरच्या तमिळ पोथ्या जमवल्या आणि नव्या कराराचा तमिळ अनुवाद केला. इंग्लंडहून छापखाना आला, जर्मनीतल्या हाले गावाहून तमिळ खिळे आले. ते खिळे इतके मोठे की कागद पुरेना. मग इथेच लहान खिळे ओतले. छापखाना भारताला नवा नव्हता, गोव्यात तो १५५६ सालीच आला होता. पण तमिळ नवा करार लोकांच्या हाती पडला तो तरंगंबाडीहून.

तमिळ लोकांच्या देवदेवतांवरही त्याने एक मोठा ग्रंथ लिहून हालेला पाठवला. तिथल्या वडीलधाऱ्यांनी तो छापायचं नाकारलं. तुम्हाला मूर्तिपूजा मोडायला पाठवलं आहे, ती युरोपात पसरवायला नव्हे, असा त्यांचा रोख. तो ग्रंथ छापला गेला १८६७ साली. लेखक जाऊन तेव्हा दीडशे वर्षं होत आली होती.

सुरुवातीला बाप्तिस्मा घेणाऱ्यांत गोऱ्यांच्या घरचे गुलाम होते. १७०७ साली पहिलं लहानसं चर्च बांधलं. ते अपुरं पडू लागल्यावर ११ ऑक्टोबर १७१८ रोजी नव्या चर्चचं समर्पण झालं. त्याचं नाव न्यू जेरुसलेम. आम्ही पाहिलं ते हेच. क्रुसाच्या आकाराची इमारत आणि दर्शनी भागावर फ्रेडरिक राजाची मुद्रा. समर्पणानंतर पाच महिन्यांच्या आतच, २३ फेब्रुवारी १७१९ रोजी, झीगेनबाल्ग वारला. वय छत्तीस. त्याला याच चर्चमध्ये पुरलं आहे.

वाचकहो, इथवरची गोष्ट पराक्रमाची. कान तुटलेला कप मला आठवला तो पुढच्या गोष्टीमुळे.

देवासमोर सगळे सारखे, असं या चर्चमध्ये दर रविवारी सांगितलं जाई. आणि ते ऐकायला लोक बसत ते मात्र वेगवेगळे! वेल्लाळर वगैरे जातींतून आलेले एकीकडे, अस्पृश्य मानल्या गेलेल्या परैयर जातीतून आलेले दुसरीकडे. धर्म बदलला, नाव बदललं, प्रार्थना बदलली. बसायची जागा बदलली नाही. प्रभुभोजनाच्या वेळी आधी कोण आणि मागून कोण, यावरूनही तमिळ मंडळ्यांत कुरबुरी होत. मिशनरी काय म्हणत? एकदम जोर केला तर मंडळीच मोडेल, हळूहळू सुधारेल. हे वाक्य तुम्हीआम्ही घरात किती वेळा ऐकलं आहे, नाही?

२८ डिसेंबर १७३३ रोजी आरोन या तमिळ माणसाला पाळकपदाची दीक्षा मिळाली. प्रॉटेस्टंट पंथातले ते पहिले भारतीय पाळक. जातीने वेल्लाळर. त्यांनी गावोगाव पायी हिंडून मंडळ्या उभ्या केल्या. त्याच काळात राजानायकन नावाचे एक प्रचारक होते. आधी तंजावरच्या मराठा राजाच्या फौजेत शिपाई होते. निष्ठेचे, धाडसाचे, मंडळीसाठी खस्ता खाल्लेले. १७४१ साली दुसरा भारतीय पाळक नेमायची वेळ आली तेव्हा त्यांचं नाव पुढे आलं. पण राजानायकन परैयर होते. त्यांच्या हातून वेल्लाळर प्रभुभोजन घेणार नाहीत, हे मिशनऱ्यांना ठाऊक होतं. दीक्षा मिळाली दियोगो यांना. राजानायकन प्रचारकच राहिले.

मला त्या चर्चमध्ये उभं राहून सारखं वाटत होतं, निर्णय कळल्यावरच्या पहिल्या रविवारी ते कुठे बसले असतील? नेहमीच्याच जागी, दुसरं काय?

प्रश्न तिथे मिटला नाही. १८३३ साली कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप डॅनियल विल्सन यांनी फर्मान काढलं की चर्चमध्ये जातिभेद ताबडतोब आणि कायमचा बंद. तंजावर भागात मोठा गदारोळ उठला. वेदनायगम शास्त्री म्हणजे श्वार्ट्झचे शिष्य, सरफोजींच्या दरबारचे कवी, ज्यांची तमिळ भक्तिगीतं आजही गायली जातात. तेही वेगळं बसण्याची रीत राखावी असंच म्हणत होते. एवढा भक्त, एवढा रसिक माणूस! पण आपल्याकडेही अभंग डोळे मिटून गाणारे आणि पंगत वेगळी मांडणारे एकच नव्हते का? विल्सनसाहेबांचं फर्मान न मानवलेले कितीतरी लोक पुढे लुथरन मंडळीत शिरले. कारण तिथल्या लाइपझिग मिशनचं धोरण जातीबाबत सौम्य होतं. जात ही समाजाची रीत, ती शिकवणीने हळूहळू जाईल, असं त्यांचं म्हणणं.

दरम्यान १८४५ साली डेन्मार्कने तरंगंबाडी, बंगालमधल्या श्रीरामपूरसकट, इंग्रजांना साडेबारा लाख रुपयांना विकून टाकली. व्यापार गेला, गाव ओसरलं. पहिल्या महायुद्धात जर्मन मिशनऱ्यांनाही जावं लागलं आणि स्वीडनच्या लोकांनी काम सांभाळलं. १४ जानेवारी १९१९ रोजी तमिळ लुथरन मंडळ्यांची स्वतःची संस्था स्थापन झाली. तिचं मुख्य ठाणं तिरुचिरापल्लीत असलं, तरी तिचा बिशप आजही तरंगंबाडीच्याच नावाने ओळखला जातो. २६ डिसेंबर २००४ रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, त्सुनामीची लाट या किनाऱ्यावर आली आणि कोळीवाड्यातली कितीतरी माणसं घेऊन गेली. लाटेने कुणाची जात विचारली नाही, की धर्म.

न्यू जेरुसलेममध्ये आजही रविवारची उपासना तमिळमधून होते. आम्ही गेलो तो आडवार होता, चर्च रिकामं होतं. एक म्हातारे गृहस्थ बाक पुसत होते. सगळे बाक ते एकाच फडक्याने पुसत होते. मी बाहेर आले.

घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी चहा टाकला आणि माझं लक्ष खिडकीकडे गेलं. तिथे एक स्टीलचा ग्लास उपडा घातलेला होता. आमच्याकडे धुणीभांडी करायला येणाऱ्या ताईंचा. तो तिथे कुणी ठेवला? मीच. केव्हापासून? आठवेना. कुणी मला सांगितलं नव्हतं, मी कधी ठरवलंही नव्हतं. आजीची फळी मोडली, कप फुटला आणि माझ्या स्वयंपाकघरात मी नवा ग्लास मांडला! तीनशे वर्षांपूर्वीच्या मंडळीला नावं ठेवत मी हजार मैल प्रवास करून आले होते.

ताई आल्या. मी त्यांना आमच्या कपबशीतल्या कपातून चहा दिला. फुलाफुलांचा, पाहुण्यांसाठी काढतो तो. त्यांनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"काकू, माझा ग्लास फुटला का काय?" त्या हसत म्हणाल्या. "तोच बरा होता हो. यात चहा केवढासा मावतो!"

मी काय बोलणार? खिडकीतला ग्लास काढला, मांडणीतून तसलाच दुसरा काढला आणि दोन्हींत काठोकाठ चहा ओतला. दोघी ओट्यापाशी उभ्या राहून प्यायलो. नंतर ताईंनी दोन्ही ग्लास विसळले आणि सवयीने एक खिडकीकडे नेला. मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि मांडणीत ठेवला.

आता त्या दोन ग्लासांतला त्यांचा कोणता आणि माझा कोणता, ते दोघींनाही सांगता येत नाही.